मलम कोणाचे, खर्च कोणाचा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



'सुफला'ची गोणी आपण सगळ्यांनीच उचलली आहे. ते खत जिथे तयार होते त्या चेंबूरला माझी थोरली बहीण राहते. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा माझ्या मांडीवर गजकर्ण होते. दुकानातून आणलेले मलम लावले की खाज थांबायची, सोडले की दुप्पट पसरायचे.

पहिल्या डॉक्टरने मांडी धड पाहिलीही नाही. पाच औषधे लिहिली, पाचही एकाच कंपनीची. टेबलावरचे घड्याळ, पेन, कॅलेंडर त्याच कंपनीचे! आपले कृषी केंद्र आठवले. कंपनी दुकानदाराला सहलीला नेते आणि आपल्या कपाशीवर नको ती फवारणी होते.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काका, काम काय करता? शेतात गाजरगवत आहे? आधी काय लावले?" गाजरगवतानेही अंग उठते, म्हणून हा प्रश्न. त्यांनी खपली खरवडून तपासली. मलमाची नळी पाहून म्हणाल्या, "यात क्लोबेटासोल आहे, म्हणजे स्टेरॉइड. ते खाज दाबते आणि बुरशीला मोकळे रान देते." एक गोळी, एक मलम दिले. गजकर्ण गेले.

कायदा काय सांगतो? कंपन्यांकडून भेटी, सहली, रोख पैसे घेण्यास डॉक्टरांना 2009 पासून मनाई आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा भेटींवरच्या खर्चाला कंपनीला आयकरात सूट नाही. हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळून रोग्याच्याच माथी बसतो. अमेरिकेत कोणत्या डॉक्टरला कंपनीने किती दिले, ते 2014 पासून कोणालाही पाहता येते. आपल्याकडे डॉक्टरच्या नावानिशी अशी उघड यादी नाही. म्हणून डोळे आपणच उघडे ठेवायचे.

सगळे डॉक्टर विकले गेलेले नाहीत. पण बैल घेताना दात पाहतो, तर डॉक्टर निवडताना एवढे तरी पाहा. पाटीवर त्वचारोगाची पदवी किंवा पदविका आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का? अंग पाहून, विचारपूस करून मगच लिहितो का? रोगाचे नाव सांगतो का? औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा आणि विचारा, "याच औषधाचे स्वस्तातले चालेल का?" चिडला तर उठा, दुसरा दार शोधा.

बियाण्याच्या पिशवीवरचे आपण वाचायला शिकलो. आता मलमाच्या नळीवरचेही वाचू या.