शेवाळाचं औषध : खरं किती, घाई किती

 

अँटिबायोटिकलाही न जुमानणारे जंतू शेवाळाच्या अर्काने मरतात, असं तुम्ही ऐकलं असेल. यात खरं किती, ते आज बघू.

आधी जंतू चिवट कसे होतात ते समजून घेऊ. अँटिबायोटिक घेतलं की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. सर्दी-पडशाला उगाच गोळी घेतली, शेजारणीची उरलेली गोळी घेतली, की त्यांचं फावतं. २०१९ साली जगात अशा जंतूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

म्हणून नव्या औषधांचा शोध चालू आहे. १९४४ सालीच क्लोरेला नावाच्या बारीक शेवाळात जंतूंना रोखणारा पदार्थ सापडला होता. काही समुद्री शेवाळांचे अर्कही प्रयोगशाळेत पू करणाऱ्या जंतूंची वाढ थांबवतात. पण काचेच्या बशीत जंतू मेला म्हणजे औषध तयार झालं, असं नाही. ते किती द्यायचं, त्याने यकृत-मूत्रपिंडाला इजा होते का, हे माणसांवर तपासावं लागतं. तोवर हा अर्क डॉक्टरांच्या औषधाची जागा घेऊ शकत नाही.

आणि विहिरीचं, नदीचं शेवाळ जखमेवर मुळीच लावू नका. त्या पाण्यात जंतू असतात. साचलेल्या पाण्यावरच्या काही निळ्या-हिरव्या शेवाळात तर यकृताला घातक विष असतं.

मात्र शेवाळ या लढाईत आजही आपल्या कामी येतं! आपण चायना ग्रास घालून पुडिंग करतो ना? ते समुद्री शेवाळापासूनच बनतं. १८८१ साली जर्मनीत फॅनी हेसे नावाच्या बाईंचे पती जंतूंचा अभ्यास करत होते. जंतू वाढवायला घेतलेलं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. फॅनीबाईंनी स्वयंपाकघरातला चायना ग्रास सुचवला. तो उन्हाळ्यातही घट्ट राहतो. लॅबमध्ये आजही तोच वापरतात.

लघवीची किंवा जखमेतल्या पुवाची 'कल्चर' तपासणी त्याच थरावर होते. नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या टिकल्या ठेवतात. जिच्याभोवती जंतू वाढत नाहीत, ते औषध लागू पडण्याची शक्यता जास्त. याला दोन-तीन दिवस लागतात.

तेव्हा बायांनो, लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा होत असेल, बाळंतिणीचे टाके चिघळले असतील, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना विचारा, "कल्चर करायचं का?" ताप, थंडी, कंबरदुखी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि सांगितलेले दिवस पूर्ण घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं जरूर सांगा.