एका वेळी एकच बदल

मी म्हैसूरहून बोलतोय. बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंतची मंडळी ही मालिका बघतात, म्हणून आधी विषय स्पष्ट करतो. विषय आहे रिमोटवर चालणारा, कच्च्या रस्त्यावर पळणारा ट्रक. दुकानातून तयार आणलेला नव्हे. सुटे भाग खोक्यात येतात, ट्रक आपण जोडायचा. आकार खऱ्याच्या साधारण एक दशांश.

या खेळाला चांगली अर्धशतकाची परंपरा आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली रेडिओवर चालणारी पोर्शे ९३४ आणली. १९८४ मध्ये त्यांची ‘हॉर्नेट’ आली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेडची ‘आरसी १०’. १९८७ मध्ये तामियाने मोठ्या चाकांचा ‘मिडनाइट पम्पकिन’ हा ट्रक काढला. यातली काही किट कंपनीने पुढे पुन्हा बाजारात आणली. पुस्तिका उघडायची, पान एक, पिशवी ‘ए’, आणि कामाला लागायचं.

जोडणीत हाताला शिकण्यासारखं पुष्कळ आहे. प्लास्टिकमध्ये स्क्रू बसवताना आधी तो हलकेच उलटा फिरवायचा. ‘टक्’ असं जाणवलं की जुने आटे सापडले. मग सुलटा पिळायचा. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आटे जातात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. मोटरचा छोटा गिअर आणि मोठा गिअर यांत किती फट ठेवायची? वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचे, पट्टी काढायची. बरोबर तेवढी फट उरते.

दोन-तीन संध्याकाळींत ट्रक उभा राहतो. पुष्कळांना वाटतं, झालं. खरं तर तुमचं काम तिथून सुरू होतं, कारण पुस्तिका लिहिणाऱ्याने तुमची जमीन पाहिलेली नसते.

म्हैसूरची माती लाल. पाऊस उघडला की वर टणक होते आणि त्यावर मुरमाची बारीक खडी सुटी पडलेली असते. विदर्भात हाच ट्रक काळ्या मातीत चालवा, ओल असली तर चाकांना किलोभर चिखल. कोकणात जांभ्यावर टायर घासून जातील. ट्रक एकच, पण तीन ठिकाणी तीन प्रकारे लावावा लागतो.

माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने तिचा ट्रक पहिल्यांदा मैदानात सोडला, तेव्हा तो चेंडूसारखा उडायला लागला. सरळ जाईना. तिचं म्हणणं तयार होतं: “मामा, आपण मोठी मोटर घेऊ या.” मी म्हटलं, “आधी तो वीतभर उंचीवरून जमिनीवर सोडून बघ.” तिने सोडला. पडला, उसळला, पुन्हा उसळला. मग तीच म्हणाली, “मामा, हा तर नुसत्या स्प्रिंगवर आहे.”

बरोबर होतं. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. तो धक्का जिरवायचं काम शॉकअपमधल्या तेलाचं. दट्ट्याच्या बारीक भोकांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. तिच्या जुन्या पद्धतीच्या किटमध्ये तेलाचे शॉकअप नव्हतेच, नुसत्या घर्षणावर चालणारे होते. आम्ही मोटरला हात लावला नाही. तेलाचे शॉकअप घेतले, त्यात सिलिकॉनचं तेल भरलं, दट्ट्या सावकाश वर-खाली करून हवेचे बुडबुडे काढले. मग पुन्हा वीतभरावरून सोडला. ट्रक टेकला आणि बसला. त्याच मोटरवर तो आता सरळ पळतो, म्हणजे मैदान लवकर पार करतो.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायची सोय असते. पण एक चाक हवेत उचललं गेलं की तेच गरगर फिरतं, आणि जमिनीवरचं चाक स्वस्थ. त्यात घट्ट ग्रीस किंवा जाड तेल भरलं की दोन्ही चाकं थोडी बांधली जातात. फार घट्ट केलं तर ट्रक वळायला कुरकुरतो. गंमत म्हणजे खऱ्या ट्रकांचे आस म्हैसूरच्या हूटगळ्ळी भागात बनतात, ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्समध्ये. ती उभी करण्यात पुण्याचा कल्याणी समूह भागीदार होता. तिथल्या मोठ्या आसाचं तत्त्व आणि तळहातावरच्या या डब्यातलं तत्त्व एकच.

तिसरं, गिअर. समजा मोटरच्या गिअरला १२ दात आणि मोठ्याला ६०. मोटर पाच वेळा फिरते तेव्हा मोठा गिअर एकदा. छोटा गिअर १५ दातांचा केला तर चार फेऱ्यांत. वेग पाव पटीने वाढायला हवा, पण ओढ एक पंचमांश कमी होते आणि मोटर तापते. पाच मिनिटं चालवून मोटरला बोट लावा. क्षणभरही ठेववत नसेल, तर दात कमी करा.

आता या सगळ्याचं सार. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा: तारीख, जमीन ओली की कोरडी, काय बदललं, काय झालं. तेल, गिअर आणि टायर एकाच दिवशी बदलले आणि ट्रक सुधारला, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही. बिघडला, तरी कळणार नाही. मग माणूस महागडे भाग विकत घेत सुटतो.

एका बाबतीत मात्र प्रयोग नको. लिथियम पॉलिमर बॅटरी भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये आणि चालवताना ३ च्या खाली उतरता कामा नये. फुगलेली बॅटरी वापरू नका. चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नका. तिला आग लागू शकते. मुलांच्या हाती ट्रक द्या, चार्जर मोठ्यांनी सांभाळा.

या शहरात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९६ पर्यंत आयडियल जावाच्या कारखान्यात मोटरसायकली बनत होत्या. आधी जावा, १९७३ पासून येझदी. कारखाना बंद झाला, गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. त्या टिकल्या, कारण मालकांना आणि गल्लीतल्या मिस्त्रींना त्या उघडता येत होत्या. आज घरातल्या बहुतेक वस्तू अशा आहेत की उघडायचा स्क्रूच सापडत नाही. बिघडली की फेकायची, हेच मुलं बघत मोठी होतात.

म्हणून किट घ्या, तयार गाडी नको. नवं परवडत नसेल तर जुना, मोडका ट्रक घ्या. तो पूर्ण खोलून पुन्हा जोडा. मुलांनी “मोठी मोटर हवी” म्हटलं, की वही पुढे करा आणि विचारा: आज काय बदललं होतं?