परसबागेचे बारा महिने



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा ठेकेदारी यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर कारखान्याच्या फाटकाशी बोलतच असतो. आज आम्ही विषय घेतला आहे तो हौशी माणसाच्या परसबागेचा. कामगार चळवळीचा आणि दोडक्याच्या वेलाचा काय संबंध, असे कोणी विचारील. बागवानाचे एक वर्ष नीट पाहिले, तर तो संबंध आपोआप ध्यानात येईल.

हे वर्ष सुरू कधी होते? झेक लेखक कारेल चापेक यांनी हौशी बागवानाच्या वर्षावर १९२९ साली एक खुसखुशीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे वर्ष जानेवारीत, गोठलेल्या जमिनीपासून सुरू होते. पंचांगाचे वर्ष पाडव्याला आणि सरकारचे एप्रिलच्या पहिल्या तारखेला सुरू होते. आमच्या घाटावरच्या बागवानाचे वर्ष मात्र वैशाखाच्या उन्हात, एकही हिरवे पान हाती नसताना, कुदळीने सुरू होते. हात-दीड हात खोल खड्डे खणायचे आणि माती उन्हात पसरून ठेवायची. ती तापली म्हणजे किडीची अंडी मरतात आणि उघड्या पडलेल्या हुमणीच्या अळ्या पाखरे वेचून नेतात. मग खड्ड्यात पाचोळा, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून आभाळाकडे पाहत बसायचे. ज्यांना अंगण नाही त्यांनी तेलाचा चौकोनी डबा घ्यावा, तळाला भोके पाडावीत, त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात आणि वर मातीखत भरावे. गॅलरीतला बागवान हाही बागवानच होय.

जूनच्या सात-आठ तारखेस मृग लागतो. पहिला चांगला पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, की बी टोकायचे. कारल्याच्या बियांचे कवच टणक असते, म्हणून त्या रात्रभर भिजवून लावाव्यात. दोडका, पडवळ, दुधी यांना मांडव हवा. भेंडी आणि गवार आपल्या पायावर उभ्या राहतात. आषाढात बागवानाची खरी परीक्षा होते. तण रोपापेक्षा वेगाने वाढते, गोगलगाई रात्रीतून कोवळी पाने फस्त करतात आणि पाणी साचले की मुळे कुजतात. पावसाळ्यात पाणी घालण्यापेक्षा पाणी काढून देणे हीच मोठी कामगिरी असते.

मग वेलावर फुले येतात आणि चार दिवसांत गळून पडतात. नवखा माणूस हवालदिल होतो. वस्तुतः घाबरण्याचे कारण नसते. या वेलांना आधी बहुधा नर फुले येतात आणि ती गळायचीच असतात. मादी फूल मागाहून येते. त्याच्या देठाशी बोटाच्या पेराएवढे इवलेसे फळ असते, ही त्याची खूण. झडीच्या दिवसांत भुंगे-माशा फिरकत नाहीत. अशा वेळी नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाला हातानेच लावावा, म्हणजे फळ धरते.

यात एक मौज आहे. कारल्याचे पिवळे फूल सकाळी उमलते, तर दुधीचे पांढरे फूल दिवस कलल्यावर उमलते. म्हणून पहिल्या पाळीच्या कामगाराला दुधी साधतो. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री अकरा-बाराला घरी येतो. त्याच्या अंगणातले दुधीचे फूल उमलताना त्याने आठवडेच्या आठवडे पाहिलेले नसते. फूल घड्याळ पाळते आणि कारखानाही घड्याळ पाळतो. ती दोन घड्याळे जुळली तरच माणसाच्या हातून बाग होते.

भाद्रपदात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा आपल्याकडच्या बायकांचा नेम असतो. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, सुरण, मक्याचे कणीस असे हातांनी परसात पिकवलेलेच काय ते त्या भाजीत चालते. व्रताचे धार्मिक फळ काय, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण जेवणाच्या पानात वाढलेला पदार्थ कोणाच्या श्रमातून आला, हा प्रश्न वर्षातून एकदा तरी घराघरांतून विचारला जातो, याचे आम्हांला फार कौतुक वाटते. तो प्रश्न उरलेले दिवसही विचारला गेला, तर आमच्यासारख्यांचे निम्मे काम होईल.

हस्ताचा पाऊस सरला, दसऱ्याला झेंडू उतरला, की गुलाबाची छाटणी. रोगट, वाळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढायच्या. बाहेरच्या बाजूस पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरका काप घ्यायचा. ऑक्टोबरात छाटलेला गुलाब साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलावर येतो. याच सुमारास मेथी, पालक, मुळा पेरावा. धने पेरण्यापूर्वी रगडून दोन फाकी करावेत आणि उगवण्यास आठ-दहा दिवस लागले तरी माती उकरून पाहू नये. मेथी महिनाभरात काढणीस येते. वालपापडीवर मावा पडला तर चुलीची राख किंवा साबणाचे पाणी बहुधा पुरते. थंडीत मोगऱ्याचे पाणी तोडावे, जानेवारीच्या अखेरीस त्याची छाटणी करावी आणि मग खतपाणी द्यावे. चैत्रात तो त्याची परतफेड करतो.

येथे थोडे थांबून एक गोष्ट विचारात घेऊ. आठ तास यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर पुन्हा खुरपे का उचलतो? श्रमाचा कंटाळा आला असेल, तर त्याने आडवे व्हावे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचे वर्णन केले आहे. एक टाचणी करण्याची सुमारे अठरा कामे निरनिराळ्या माणसांत वाटली, म्हणजे दहा माणसे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात, असा त्यांचा हिशेब होता. उत्पादन वाढले हे खरे, पण अख्खी टाचणी कोणाचीच राहिली नाही. आजही जुळणीच्या पट्ट्यावर उभा असलेला कामगार दिवसभर एकच बोल्ट आवळतो. बागेत मात्र खणणे, पेरणे, राखणे, तोडणे आणि शेजाऱ्याच्या दारी चार दोडके नेऊन देणे ही अठराही कामे त्याचीच असतात. माणूस श्रमाला कंटाळत नाही. ज्या श्रमाचा आरंभ आणि शेवट त्याला दिसत नाही, त्या श्रमाला तो कंटाळतो. परसबाग ही आळशी फुरसतीची करमणूक नव्हे. माणसाने स्वतःच्या मालकीच्या वेळात, स्वतःच्या अकलेने केलेले ते काम आहे.

आणि हा मालकीचा वेळ आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. तारीख पाहा, ऐन मृगातली आहे! १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला, १९२२ साली आठवडा साठ तासांचा झाला आणि १९४६ च्या दुरुस्तीने तो अठ्ठेचाळीस तासांवर आला. बारा तास राबून आलेल्या माणसाला रोप कोठले आणि कळी कोठली? संध्याकाळ ही वस्तू लढून मिळवावी लागली. आज ठेकेदाराकडचा पहारेकरी किंवा दुचाकीवरून घरोघर माल पोचवणारा तरुण बारा-बारा तास राबतो, तेव्हा त्याची ती संध्याकाळ पुन्हा हातची गेलेली असते.

आता चैत्र येतो. शेवग्याला शेंगा लोंबतात, मोगरा फुलतो आणि नळाचे पाणी आटते. जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ पोसली जात असे. आपणही भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना द्यावे. रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरले, म्हणजे ओल हळूहळू झिरपत मुळाशी पोचते. बुंध्याभोवती पाचोळ्याचे जाड पांघरूण घालावे आणि पाणी उन्हात न देता संध्याकाळी द्यावे. उरलेला पाचोळा जाळू नये. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून व ते पालटून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या मुलखात घडलेली विद्या आपण रस्त्याच्या कडेला पेटवून धूर करावा, हे बरे नव्हे.

तात्पर्य, बागेला तीन गोष्टी लागतात : वेळ, जागा आणि पाणी. बी-बियाणे आणि हौस यांचा तुटवडा आम्हांला आमच्या लोकांत कधी आढळला नाही. तुटवडा या तिहींचाच आहे. आणि या तिन्ही गोष्टी एकट्यादुकट्याने मिळवता येत नाहीत. पाळ्यांचे तास, घराभोवतीची मोकळी जमीन आणि नळाचे पाणी हे सगळे सार्वजनिक प्रश्न आहेत. ब्रिटनमध्ये १९०८ साली कायदा झाला आणि मागणी असेल तेथे रहिवाशांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली, तेव्हा हे तुकडे त्या देशाच्या फार कामी आले. आपल्या नगरात मोकळ्या पडलेल्या जागांवर राडारोडा साचतो. त्यांतले काही वाफे चाळकऱ्यांना, निवृत्त कामगारांना आणि शाळेच्या मुलांना वर्षाच्या कराराने द्यावेत, अशी मागणी नगरपालिकेकडे करण्यास कोणाची हरकत आहे? आणि गृहसंस्थांच्या सभेत वाहनतळाची चर्चा तासभर चालते, तेथे गच्चीवरच्या चार वाफ्यांसाठी पाच मिनिटे निघण्यास काय अडचण आहे?

आपण श्रोते मंडळी येथून घरी जाल, तेव्हा मृगाला थोडेच आठवडे उरलेले असतील. खड्डे खणण्यास हीच वेळ योग्य आहे. ज्यांना जागा आहे त्यांनी उद्याच कुदळ मारावी. ज्यांना जागा नाही त्यांनी डबा शोधावा. ज्यांना वेळच नाही त्यांनी मात्र आमच्या कचेरीत यावे. त्यांचे काम कुदळीचे नसून संघटनेचे आहे आणि त्याचाही हंगाम बारमाही असतो.