सॅक कोणाच्या मापाची?

(स्त्री-गटांच्या दोन दिवसांच्या मेळाव्यात दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

काल रात्री पंगतीत एका मैत्रिणीनं मला विचारलं, "उद्या सकाळी पोटगीवर चर्चा आणि दुपारी तू बूट आणि सॅकवर बोलणार म्हणे?" ती हसली, मीही हसले. पण त्या हसण्यात एक आक्षेप होता. डोंगर भटकणं ही पोट भरलेल्यांची हौस, तिचा चळवळीशी काय संबंध, असा. मी स्वतःही बरीच वर्षं असंच मानत आले. संघटनेच्या बैठकीत डोंगराचं नाव काढायचं नाही आणि डोंगरावर संघटनेचं. आज दोन्ही एकत्र बोलायचा प्रयत्न करते. जमेल तसं ऐकून घ्या.

१९८८ साली मी चोवीस वर्षांची होते, नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका ट्रेकिंग गटाबरोबर हरिश्चंद्रगडला निघाले. गटानं सामानाची यादी दिली होती, स्टेन्सिल कापून काढलेली. बॅटरी आणि जादा सेल, पांघरूण, प्लॅस्टिकचा कागद, पाण्याची बाटली, ताटली, मग, काड्यापेटी, दोरी, बँडेज. मुलींसाठी वेगळी अशी एकच ओळ होती : "मुलींनी सुरी व किसणी आणावी." त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी घरातली चांगली धारेची सुरी शोधून घेतली. सॅक भावाची, बूटही भावाचेच, पुढे कापूस कोंबून घातलेले.

आम्ही बावीसजण होतो, त्यात चार मुली. खिरेश्वरहून तोलारखिंडीच्या वाटेनं चढलो. मुलगे वाटेत कुठेही पाठ करून उभे राहत. आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. थांबा म्हणून सांगायची लाज, मागे राहिलो तर चुकण्याची भीती. मी मनाशी सोपा उपाय काढला : पाणीच प्यायचं नाही. त्यात पाळी दोन दिवस आधी आली. वर गुहेत मुक्काम, आडोसा नाही, कपडा टाकायला जागा नाही, आणि कोणाला सांगायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरताना खिंडीजवळच्या कातळावर मला भोवळ आली. एका मुलानं माझी सॅक घेतली, दुसऱ्यानं हात धरून उतरवलं. घरी आल्यावर ताप. डॉक्टरांनी लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाल्याचं सांगितलं. आठ दिवस रजा काढली.

पुढच्या महिन्यात त्या गटानं ठरवलं की अवघड ट्रेकला मुली नकोत, जोखीम वाढते. म्हणजे मी न प्यायलेल्या पाण्याची शिक्षा बाकीच्या तिघींनाही झाली. आणि कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की चूक माझीच, मीच कमी पडले. यादीत काय नव्हतं, हा प्रश्न मला सुचलाच नाही.

त्या रात्री गुहेत शेकोटीभोवती चाललेल्या गप्पा मला अजून आठवतात. सगळ्या सामानाच्या. कोणाला चोरबाजारात लष्करातली जुनी सॅक मिळाली, हंटर बूट कातळावर धरतात की अॅक्शनचे, रॉकेलच्या स्टोव्हचा वॉशर गेला तर काय करायचं. आम्ही चौघी कांदे चिरत होतो. बायका साड्यांबद्दल बोलल्या की त्याला बाष्कळ गप्पा म्हणतात. पुरुष बुटांबद्दल बोलले की तो अनुभव. पण खरं सांगते, तो अनुभव होताच. सामानाची गप्पा हेच तिथलं शिक्षण होतं. कोणी पुस्तकातून शिकत नव्हतं, सगळे एकमेकांना विचारून शिकत होते. आम्ही त्या वर्तुळाच्या बाहेर होतो, म्हणून अडाणी राहिलो.

पुढे मी हट्टानं ते शिकले. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

सॅकचं वजन खांद्यानं उचलायचं नसतं, कमरेनं उचलायचं असतं. कमरेचा पट्टा दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे. त्यासाठी आपल्या पाठीची लांबी माहीत हवी. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका फुगीर लागतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप धरायचा. बहुतेक बायकांची ही लांबी पुरुषांपेक्षा कमी भरते. पुरुषांच्या मापाची सॅक घातली की पट्टा कमरेऐवजी मांडीकडे उतरतो, सगळं ओझं खांद्यावर येतं, छातीवर पट्टे रुततात. आपण मात्र म्हणतो, "मला ओझं झेपत नाही."

बुटांचंही तसंच. बायकांची टाच पुढच्या पावलाच्या मानानं अरुंद असते. पुरुषांचा लहान नंबर घेतला तर टाच आत सुटी राहते, उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि नखं काळी पडतात. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघावं, आणि दुकानातल्या जिन्यावरून एकदा उतरून बघावं.

थंडीत वापरायच्या स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. युरोपीय मानकाप्रमाणे त्यातला जास्त उबेचा 'कम्फर्ट'चा आकडा सर्वसाधारण बाईला धरून काढतात आणि त्याखालचा 'लिमिट'चा सर्वसाधारण पुरुषाला धरून. जाहिरातीत पुष्कळदा दुसराच आकडा मोठ्या अक्षरात असतो. हिमाचलात एका ट्रेकला मी रात्रभर कुडकुडत होते आणि शेजारचा गृहस्थ घोरत होता. त्याची आणि माझी बॅग एकाच बनावटीची होती. तेव्हाही मी स्वतःलाच नाजूक म्हणून घेतलं.

आता मैत्रिणीच्या आक्षेपाकडे येते. रतनगडाच्या पायथ्याशी एकदा एक आजी भेटली. डोक्यावरची लाकडाची मोळी उतरवून ती आमच्याजवळ टेकली. माझी सॅक तिनं एका हातानं उचलून पाहिली आणि म्हणाली, "हलकी हाय की. पर बांधणाऱ्यानं तुझ्या पाठीवर न्हाई बांधली." जे शिकायला मला इतकी वर्षं लागली, ते तिनं एका हातात ओळखलं. मग तिनं विचारलं, "आन् वर कशापायी जाता गं बायांनो?" मी म्हटलं, "बघायला." ती जरा थांबली. म्हणाली, "माझा जलम ह्या डोंगरात गेला. बिनकामाची मी एकदाच वर गेले, लगीन व्हायच्या आदी."

मैत्रिणींनो, तिच्या पायांत बूट नव्हते. तेव्हा सॅक आणि बूट हा बायकांचा पहिला प्रश्न आहे असं मी म्हणणार नाही. पण 'बिनकामाचं' जाणं हा प्रश्न तिचाही आहे आणि माझाही. बाई घराबाहेर पडते ती पाण्याला, सरपणाला, नोकरीला, दवाखान्यात, देवाला. प्रत्येक वेळी हातात कारण घेऊन.

हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ होतं, म्हणून ती गवळण रात्री कडा उतरली. तिच्या नावाचा बुरूज आहे. तिचं कौतुक मलाही आहे. पण ती बाळासाठी उतरली म्हणून बुरूज. चांदणं छान पडलं होतं म्हणून उतरली असती, तर? कळसूबाईची दंतकथा त्या मानानं कमी सांगितली जाते. कळसू नावाची मुलगी पायथ्याच्या गावात पाटलाकडे कामाला राहिली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एक दिवस तीच कामं तिच्या गळ्यात मारली, तेव्हा ती उठून डोंगरावर निघून गेली ती कायमची. १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर तिच्या नावानं आहे. नवरात्रात बायका अनवाणी, नऊवारीत त्या लोखंडी शिड्या चढतात. पण त्यांनाही वर जायला देवीचं कारण लागतंच.

आणि साधनांचं म्हणाल, तर जपानच्या जुन्को ताबेई यांची आठवण सांगते. पुरुष गिर्यारोहक बायकांना बरोबर घ्यायला तयार नसत, म्हणून त्यांनी १९६९ साली बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. एव्हरेस्टसाठी पैसे मागायला गेल्या तेव्हा लोकांनी सांगितलं, मुलं सांभाळा. तुकडीत पंधराजणी होत्या. त्यांनी मोटारीच्या जुन्या सीटचं कापड घेऊन वरून घालायचे हातमोजे आणि पाणी न शिरणाऱ्या पिशव्या शिवल्या, चीनमधून हंसाची पिसं आणून स्लीपिंग बॅग केल्या. ४ मे १९७५ ला त्यांच्या छावणीवर हिमकडा कोसळला, ताबेई बर्फाखाली गाडल्या गेल्या, शेर्पांनी त्यांना ओढून काढलं. त्यानंतर बाराव्या दिवशी, १६ मे रोजी, त्या शिखरावर पोचल्या. एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई. घरी तीन वर्षांची मुलगी होती. माप आपलं नसेल तर आपण शिवून घ्यायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आमच्या गटात एक मैत्रीण आहे, शाळेची दप्तरं शिवणारी. २००६ साली आम्ही ट्रेकर मुलांकडून जुन्या सॅक मागून आणल्या. तिनं त्या उसवल्या, पाठीकडची बाजू आखूड केली, कमरेच्या पट्ट्यात फोम भरला. अशा सहा सॅक, चार बॅटऱ्या, पाच जोड बूट एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले आणि वर एक वही ठेवली. जिला जायचं तिनं वहीत नाव लिहून न्यायचं, धुऊन परत ठेवायचं. यादीही आम्हीच केली. त्यात आडोशाला जुनी साडी आहे, खड्ड्यासाठी खुरपं आहे, पॅड परत आणायला काळी पिशवी आहे. दर दीड तासानं थांबायचं आणि तसं आधीच जाहीर करायचं. थांब्यावर प्रत्येकीनं किती पाणी प्यायली ते सांगायचं. आणि सुरी-किसणी ज्याला हवी त्यानं आणावी, बाई असो की बाप्या.

ही दप्तरवाली मैत्रीण आमच्याबरोबर पहिल्यांदा राजमाचीला आली ती खोटं सांगून. "घरी द्यायच्या चिठ्ठीवर शिबिर लिहा," असं तिनंच सांगितलं. आम्ही गटाच्या कागदावर 'शिबिर' लिहून दिलं. तीन वर्षं लिहून देत होतो. यावर आमच्यात भांडणंही झाली. एकीचं म्हणणं, खोटं लिहून आपण तीच व्यवस्था टिकवतोय. दुसरीचं म्हणणं, तत्त्व आपलं आणि मार खायचा तिनं? दोघींचंही खरं होतं. चौथ्या वर्षी ती आपण होऊन म्हणाली, "या वेळी खरं लिहा." आम्ही लिहिलं : "दोन दिवस डोंगरावर फिरायला जात आहोत. काम काही नाही." ती आली. परतल्यावर चार दिवस घरात कोणी तिच्याशी बोललं नाही. पाचव्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, वर काय होतं? ती म्हणाली, "वारा."

पण सगळ्यांचं असं होत नाही. दुसऱ्या एकीनं तशीच चिठ्ठी नेली आणि तिचं गटात येणंच बंद झालं. ट्रंकेतल्या वहीत तिचं नाव एकदा लिहिलेलं आहे आणि पुढचा रकाना कोरा आहे. तिच्या घरी आम्ही जातो. ती चहा देते, त्या विषयावर बोलत नाही. म्हणून खरं लिहाच, असं सांगायचा अधिकार मला नाही. ज्या घरात जायचं आहे ते घर ती ओळखते, तिनं ठरवावं. आपण तिच्यामागे उभं राहावं, एवढंच.

सकाळच्या पोटगीच्या चर्चेत एक वाक्य वारंवार आलं, की बाईचा स्वतःचा असा काही खर्च असतो हे समोरच्याला पटतच नाही. मला वाटतं, तिचा स्वतःचा वेळ असतो हेही पटत नाही. हे दोन प्रश्न फार लांबचे नाहीत.

तुमच्याकडे मोठं काही मागत नाही. गावी परत गेल्यावर गटात एक ट्रंक ठेवा. सहा नको, एकच सॅक ठेवा. टेप घेऊन एकमेकींच्या पाठीची मापं घ्या. आमच्याकडे त्या दिवशी जितक्या गप्पा झाल्या तितक्या कुठल्या शिबिरात झाल्या नव्हत्या. जवळचा डोंगर बघा, नसेल तर टेकडी, नदीकाठ. वहीत नावाचा रकाना करा, तारखेचा करा. कारणाचा रकाना मात्र करू नका.

मी टेप बरोबर आणला आहे. चहानंतर मागच्या खोलीत बसते, ज्यांना माप द्यायचं आहे त्यांनी यावं.