सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, डॉक्टर बोलले, लेखक बोलले. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या नोकरीत रस्त्यांची कामे पाहणारा माणूस. कार्यवाहांनी विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "डांबरावर." ते हसले. मग कार्यक्रमपत्रिकेत ‘हिंदुस्तान पेट्रोलियमची वाटचाल’ असा भारदस्त विषय छापून आला. पण सुरुवात मी डांबरापासूनच करणार आहे, कारण या कंपनीशी माझी ओळख पेट्रोलमुळे नव्हे, डांबरामुळे झाली.

आपल्या घरी लोणी कढवतात. वर तूप येते, तळाशी बेरी राहते. रिफायनरीत साधारण तसेच चालते. कच्चे तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. जे हलके ते वर जाते, जे जड ते खाली राहते. सगळ्यात वर स्वयंपाकाचा गॅस, त्याखाली पेट्रोल, मग आपले घासतेल, मग डिझेल. आणि सगळे निघून गेल्यावर तळाशी राहते ती बेरी म्हणजे डांबर. आम्ही रस्तेवाले बेरीचे गिऱ्हाईक! आपल्या भागातल्या रस्त्यांवरचे पुष्कळसे डांबर विशाखापट्टणहून येते. तिथे हिंदुस्तान पेट्रोलियमची, म्हणजे ज्याला आपण ‘एचपी’ म्हणतो तिची, रिफायनरी आहे.

आता ही कंपनी कशी वाढली ते सांगतो. ज्येष्ठांना एस्सोचा वाघ आठवत असेल, कॅलटेक्सचा तारा आठवत असेल, मुंबईकडचे नातेवाईक असतील तर कोसन गॅसही आठवत असेल. ही तिन्ही नावे आज दिसत नाहीत, पण ती गेली कुठेच नाहीत. तिन्ही मिळूनच एचपी झाली आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात म्हणण्यासारखी एकच रिफायनरी होती, आसामात दिगबोईला. बाकी तयार तेल बोटीने बाहेरून यायचे. १९५१ मध्ये सरकारने परदेशी कंपन्यांशी रिफायनरी उभारण्याचे करार सुरू केले. त्या मंत्रिमंडळात काकासाहेब गाडगीळ होते आणि अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. चिंतामणराव म्हटले की आपल्याला परके वाटत नाहीत. ते महाडकडचे, पण दुर्गाबाईंबरोबर अखेरची वर्षे त्यांनी आपल्या हैदराबादेत काढली आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी इथेच त्यांचे निधन झाले.

त्या करारांत कंपन्यांना पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी दिली होती. आज कोणी म्हणेल, एवढी सवलत कशाला? पण हातात पैसा नाही, तंत्रज्ञान नाही, माणसे नाहीत, अशा वेळी घर बांधायचे तर गवंड्याच्या अटी थोड्याफार ऐकाव्या लागतात. १९५४ मध्ये मुंबईत माहुलला स्टॅनव्हॅकची, म्हणजे पुढच्या एस्सोची, रिफायनरी सुरू झाली. वर्षाला साडेबारा लाख टन. पाठोपाठ शेजारीच बर्मा शेलची आली. १९५७ मध्ये कॅलटेक्सने विशाखापट्टणला पावणेसात लाख टनांची उभी केली. कारखाने आपल्या जमिनीवर होते, कामगार आपले होते, पण कच्चे तेल कुठून आणायचे आणि कोणत्या भावाने, हे परदेशी कंपन्या ठरवत होत्या.

१९६० मध्ये रशियाकडून स्वस्तात कच्चे तेल मिळत होते. सरकारने या कंपन्यांना ते शुद्ध करून द्यायला सांगितले. त्यांनी नकार दिला. आपल्याच दारातल्या गिरणीवाल्याने आपले दळण घ्यायला नकार द्यावा, तसे झाले. तेलाच्या किमती तपासायला त्याच सुमारास सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष दामले नावाचे आय.सी.एस. अधिकारी होते. तेव्हापासून वारे बदलले. १९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि निर्णयाची वेळ आली.

१९७४ मध्ये संसदेने एस्सोचा व्यवसाय ताब्यात घेण्याचा कायदा केला. वाटाघाटी करून, मोबदला देऊन घेतला, हिसकावून नाही. १५ जुलै १९७४ रोजी एस्सो आणि तिची वंगणतेलाची ल्यूब इंडिया मिळून हिंदुस्तान पेट्रोलियम कॉर्पोरेशन झाले. १९७६ च्या अखेरीस कॅलटेक्स सरकारकडे आली, १९७८ मध्ये ती एचपीत विलीन झाली आणि विशाखापट्टणची रिफायनरी एचपीची झाली. १९७९ मध्ये कोसन गॅस आली. शेजारची बर्मा शेल भारत पेट्रोलियम झाली.

एखाद्या घरात तीन वेगवेगळ्या घरांच्या सुना याव्यात तसे हे होते. प्रत्येकीची पद्धत वेगळी, पगार वेगळे, वह्या वेगळ्या. तरी संसार उभा राहिला. नशीबही पाठीशी होते. ज्या १९७४ मध्ये कंपनी जन्मली, त्याच वर्षी फेब्रुवारीत सागर सम्राट जहाजाला मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागले. बॉम्बे हायचे तेल उरणमार्गे नळातून थेट ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांत येऊ लागले.

आज मुंबईची रिफायनरी वर्षाला ९५ लाख टनांची आहे. देशातली सर्वांत मोठी वंगणतेलाची रिफायनरीही तिथेच आहे. विशाखापट्टणची क्षमता पावणेसात लाखांवरून दीड कोटी टनांपर्यंत नेली आहे. पंजाबात भटिंड्याला भागीदारीत एक रिफायनरी आहे, राजस्थान सरकारबरोबर बाडमेर भागात आणखी एक उभी राहत आहे. पेट्रोल पंप देशभर वीस हजारांच्या वर गेले आहेत. २०१९ मध्ये कंपनीला महारत्न दर्जा मिळाला.

पण आकड्यांपेक्षा मला नळ जास्त आवडतो. पूर्वी मुंबईचे तेल पुण्याला जायचे ते रेल्वेने, नाहीतर खंडाळ्याच्या घाटातून टँकरने. १९८५ च्या सुमारास मुंबई-पुणे पाइपलाइन झाली, पुढे ती सोलापूरपर्यंत आली. इकडे विशाखापट्टणहून विजयवाडा, सूर्यापेट करत दुसरी पाइपलाइन आपल्या घटकेसरपर्यंत आली, ५७२ किलोमीटर. म्हणजे मुंबईचे तेल जमिनीखालून सोलापूरला पोचते आणि विशाखापट्टणचे हैदराबादला. मधले तीनशे किलोमीटर म्हणजे आपला सोलापूर रस्ता, आपल्यातल्या निम्म्या घरांचा सासर-माहेरचा रस्ता! रात्री एसटीने येताना वाटेत जो पंप दिसायचा, त्यामागे एवढा पसारा आहे हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हते.

मी लहान असताना काचीगुड्याला आमच्या घरी गॅससाठी नाव नोंदवले होते. काही वर्षे आई स्टोव्हला पंप मारत होती. नंबर लागला त्या दिवशी तिने शेगडीला हळदकुंकू वाहिले आणि पहिल्यांदा शिरा केला. आज मोबाइलवरून सिलिंडर येतो, म्हणून कोणाला त्याचे काही वाटत नाही. वाढ म्हणतात ती हीच.

आता वाढीची दुसरी बाजू. १४ सप्टेंबर १९९७, रविवार. विशाखापट्टणच्या रिफायनरीत जहाजातून गॅस उतरवून घेताना गळती झाली आणि पहाटे भडका उडाला. साठच्या आसपास माणसे गेली. काही कामावर आलेली होती. कंपनी सरकारी आहे म्हणून आग सौम्य लागत नाही. माहुल-चेंबूरला राहणाऱ्यांना हवेच्या वासाबद्दल विचारा, तेही सांगतील. आपल्या शेगडीची निळी ज्योत कोणाच्या तरी जोखमीवर पेटते, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट मालकीची. २००२ च्या सुमारास एचपी आणि भारत पेट्रोलियम विकायचे ठरत होते. त्या वेळी पेट्रोलियममंत्री होते आपले राम नाईक. त्यांचा विरोध होता, तर निर्गुंतवणूकमंत्री अरुण शौरी विक्रीच्या बाजूचे. दोघे एकाच मंत्रिमंडळात! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दाद मागणाऱ्यांत तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची संघटनाही होती. १६ सप्टेंबर २००३ रोजी न्यायालयाने सांगितले की या कंपन्या संसदेच्या कायद्याने जनतेसाठी घेतल्या आहेत. त्या खासगी हाती द्यायच्या तर आधी संसदेत जाऊन कायदा बदला. विकू नका असे न्यायालय म्हणाले नाही. विचारल्याशिवाय विकू नका, असे म्हणाले.

पुढची गंमत पाहा. २०१६ मध्ये जुने, निरुपयोगी म्हणून १८७ कायदे एकगठ्ठा रद्द झाले. त्यात बर्मा शेलचा १९७६ चा कायदाही होता. नंतर भारत पेट्रोलियम विकायला काढली, गिऱ्हाईक जमले नाही म्हणून २०२२ मध्ये बेत रद्द झाला. एचपीचे तर २०१८ मध्येच सरकारने आपले ५१.११ टक्के शेअर्स ओएनजीसीला ३६,९१५ कोटींना दिले. वडिलांनी धाकट्याचे दुकान थोरल्याला विकून रोकड आपल्याकडे ठेवावी, तसा प्रकार. दुकान घरातच राहिले, पण थोरल्याची शिल्लक गेली.

मी विक्रीच्या बाजूचा की विरोधातला, असे चहाच्या वेळी कोणीतरी विचारणारच, म्हणून आताच सांगतो. खासगी वाईट आणि सरकारी चांगले, असे मी मानत नाही. सरकारी नोकरीत मी आतून पुष्कळ पाहिले आहे. २०२२-२३ मध्ये बाहेर तेल महागले, पंपावरचे भाव गोठलेले राहिले आणि एचपीला ८,९७४ कोटींचा तोटा झाला. पुढच्याच वर्षी १४,६९४ कोटींचा नफा झाला. तोटा झाला तेव्हा आपण स्वस्त पेट्रोल भरत होतो काय? नफा झाला तेव्हा आपल्याला भाव कमी मिळाला काय? हे प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे, कारण कंपनी सार्वजनिक आहे. आपण मात्र पंपावर फक्त शून्य पाहतो आणि निघून येतो.

शेवटी एक स्वतःची गोष्ट. नोकरीत नवा होतो. गाव आणि खाते सांगत नाही. डांबराचा टँकर आला की तीन गोष्टी पाहायच्या असतात: रिफायनरीचे चलन, डिपकाठीने माल, आणि तपमान. त्या दिवशी सहा वाजले होते, पाऊस येऊ घातला होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साब, चलन पीछे आ रहा." मी नोंदवहीत सही केली. काठीही टाकली नाही. चलन आले ते दुसऱ्याच टँकरचे होते, हे मला आठवड्याने कळले. तोवर रस्ता झाला होता. पहिल्या पावसाळ्यात तो पापडासारखा सुटला. त्या गावची एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन खड्ड्यातून जाताना मला म्हणाली, "सार, इदि मी रोड्डेना?" साहेब, हा तुमचाच रस्ता ना?

मी मान खाली घातली. पुढे वरिष्ठांना लेखी कळवले, ठेकेदाराकडून काम पुन्हा करून घेतले, माझ्या नावावर ताशेराही आला. तो मी कमावलेला होता. विशाखापट्टणला हजारो कोटी खर्चून डांबर बनवले, चाचण्या केल्या, सहाशे किलोमीटर आणले, आणि शेवटच्या दहा फुटांवर माझी काठी कोरडी राहिली. त्या दिवसापासून मी चलन हातात पडल्याशिवाय टँकर उघडू देत नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या बाईचा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. सार्वजनिक म्हणजे कोणाचे? आपल्याला उत्तर ठाऊक आहे, कारण आपण सार्वजनिक गणपती बसवतो. वर्गणीची पावती फाडतो, विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लावतो. शंभर रुपयांचा फरक आला तरी आपले आजोबा खजिनदाराला रात्रभर बसवून ठेवत. गणपती कोणा एकाचा नाही, म्हणूनच हिशोब प्रत्येकाचा. उत्सवात जे आपण करतो, ते पंपावर, रस्त्यावर, रिफायनरीच्या मालकीबाबत करायचे विसरतो.

घरी जाताना काचीगुड्याचे चौकातले खड्डे चुकवत जाल, तेव्हा मला शिव्या जरूर द्या. पण उद्या लेखी तक्रारही द्या. आणि पंपावर मापाबद्दल शंका आली तर पाच लिटरचे माप मागा. ते तिथे ठेवलेले असते, मागणाऱ्याला दाखवावे लागते. मागणारा मात्र हवा.

गणपती बाप्पा मोरया!