प्रोस्टेटचा कॅन्सर : निदान झाल्यानंतर



पडेगावचे एक आजोबा डोळ्यांसमोर आणा. वय सत्तरीचे. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते म्हणून छावणी ओलांडून शहरात दाखवायला गेले. रक्त दिले, सुईने तुकडे काढून तपासले, आणि आज थोरला मुलगा कागदांचे पाकीट घेऊन घरी आला. पाकिटात काय आहे ते साऱ्या घराला कळले. एका आजोबांना मात्र नाही. ‘त्यांना सांगू नका, हाय खातील,’ असे ओसरीवर ठरले. एकजण म्हणतो, उद्याच ऑपरेशन करू. दुसरा म्हणतो, या वयात हाल कशाला? तिसऱ्याने तर जमीन विकायची भाषा काढली. हे घर मी कल्पनेने उभे केले आहे. पण आपणा पुष्कळांना ते ओळखीचे वाटेल.

या बैठकीतल्या मंडळींना मी एवढेच म्हणेन, की घाई करू नका आणि आजोबांना आत बोलवा.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी गाठ. वयाबरोबर ती वाढतेच, आणि लघवीचा त्रास बहुधा त्या साध्या वाढीचा असतो. रक्तातल्या ‘पीएसए’चा आकडा साध्या वाढीने चढतो, लघवीत जंतू झाले तरी चढतो, आणि गाठ लहान करणाऱ्या काही गोळ्या चालू असल्या तर तो निम्म्यावर येऊन फसवतो. तेव्हा नुसत्या आकड्यावर निवाडा होत नाही. निवाडा होतो तो सुईने काढलेल्या तुकड्यांवर. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असे पारावर सांगतात. त्या भीतीने तपासणी टाळू नये.

गुरुजी, इथे तुमचे काम आहे. त्या कागदावर ‘ग्लीसन’ म्हणून एक बेरीज असते. तीन अधिक तीन सहा, म्हणजे सौम्य. आठ, नऊ, दहा म्हणजे दांडगा. सात आले तर तीन अधिक चार की चार अधिक तीन, हे नीट पाहा. दुसरा प्रकार अधिक वाईट. हे वाचून घरच्यांना समजावून द्या. आजार दांडगा दिसला तर तो हाडांत वा इतरत्र गेला आहे का, हे फोटो काढून पाहतात. सौम्य आजारात प्रत्येकाला हाडांचा स्कॅन लागतोच असे नाही. ‘हा तपास कशासाठी, आणि त्याने उपचार बदलणार आहे का?’ असे डॉक्टरांना खुशाल विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

आता उपचार. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात, गाठीबाहेर न गेलेला आजार असलेल्या १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले : शस्त्रक्रिया, किरणोपचार, आणि नुसते लक्ष ठेवणे. २०२३ साली निकाल आला. पंधरा वर्षांत या आजाराने दगावले ४५. तिन्ही गटांत फारसा फरक नाही. मात्र लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट, शेकडा नऊ; आणि निम्म्याहून अधिक जणांना पुढे उपचार घ्यावेच लागले. हे आकडे लवकर सापडलेल्या आजाराचे आहेत, बरं का. आपल्याकडे माणूस उशिरा येतो, तेव्हा ते जसेच्या तसे लावू नका.

शस्त्रक्रियेने काहींची लघवी सुटत राहते, संबंधाची ताकद जाते. किरणांनी शौचाचा त्रास होऊ शकतो, आणि बहुधा काही आठवडे रोज जावे लागते. शस्त्रक्रियेनंतर गरज पडल्यास किरण देता येतात. किरणांनंतर शस्त्रक्रिया अवघड. दांडग्या आजारात किरण कुठवर द्यावेत, यावर मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २२४ रुग्णांवर प्रयोग करून २०२१ साली निष्कर्ष मांडले आहेत. म्हणजे हे ज्ञान सारे सातासमुद्रापलीकडचेच नाही.

आजार पसरला असेल तर पुरुषी हार्मोन तोडावे लागते. त्यासाठी ठराविक मुदतीने सुया, किंवा एकदाच वृषण काढणे. दुसरा मार्ग स्वस्त, आणि हेलपाटे वाचवणारा. पण तो विषय ओसरीवर कोणी काढत नाही, मुलगा बापाशी बोलायला लाजतो. म्हणून तर म्हणतो, हा निर्णय आजोबांच्या पाठीमागे घेऊ नका. त्यांना काय सोसेल, ते त्यांनाच ठाऊक.

घाई नको म्हटले, त्याला अपवाद आहे. लघवी पूर्ण अडली, किंवा पाठ दुखून पायांतले बळ जाऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जमीन विकण्याआधी आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाऊन या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते आरोग्यमित्राला विचारा. बरोबर शिधापत्रिका, ओळखपत्र, तुकड्यांचा अहवाल, आणि आजोबा लघवीसाठी ज्या गोळ्या घेतात त्यांची चिठ्ठी असू द्या.