एप्रिलमध्ये टिकणारा पिवळा

(अहमदपूर येथे गुलाबप्रेमी आणि रोपवाटिकाधारकांच्या मेळाव्यात केलेले अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षानं आरंभी आपल्या निवडीबद्दल संकोच व्यक्त करायचा असतो. तो मी केला असं समजा. तुमच्या आणि जेवणाच्या मध्ये आता एवढं भाषणच उरलंय, याची मला जाणीव आहे.

आज मी फक्त पिवळ्या गुलाबावर बोलणार आहे. लाल गुलाबाला आपल्याकडे वकील पुष्कळ आहेत. ग्लॅडिएटर उघड्या शेतात वाढतो, बाजारात चालतो, त्याची काळजी करायला व्यापारी समर्थ आहेत. पिवळ्याचं तसं नाही. पिवळ्या फुलाचा आपल्याकडचा सगळा मान झेंडू आणि शेवंतीनं घेतला. दसऱ्याला तोरण झेंडूचं, वेणी शेवंतीची. इथून जवळच माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, सगळा माळ भंडाऱ्यानं पिवळा होतो, पण त्या पिवळ्यात गुलाब औषधालाही सापडत नाही. कारण साधं आहे. आपल्याकडे विकत मिळणारा पिवळा गुलाब डिसेंबरात सोन्यासारखा दिसतो आणि एप्रिलमध्ये दुपारपर्यंत ताकासारखा होतो. तुमच्यापैकी प्रत्येकानं हे पाहिलंय. गिऱ्हाईक रोपवाटिकेत येऊन भांडतं, "तुम्ही पांढरा दिला." रोपवाटिकावाला खरं सांगत असतो, पण ऐकतो कोण?

हा रंग का विटतो, ते थोडक्यात सांगतो. लाल-जांभळा रंग येतो अँथोसायनिनमुळे, तो पाकळीच्या पेशीरसात विरघळलेला असतो. पिवळा येतो कॅरोटिनॉइडमुळे, गाजराला आणि झेंडूला रंग देणारं तेच कुळ. गुलाबाच्या पाकळीत हे द्रव्य मुळात बेताचं, आणि कडक उन्हात त्याची मोडतोड होते. थंड हवेत फूल सावकाश उमलतं, रंग भरायला वेळ मिळतो. आपल्या उन्हात कळी सकाळी उघडते आणि दुपारी म्हातारी होते. त्यात चुनखडीची जमीन असेल तर लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणजे पिवळा गुलाब लावावा, तर फूल पांढरं आणि पान पिवळं, अशी आपली थट्टा होते!

तळेगाव दाभाड्याच्या पॉलीहाऊसमधला गोल्ड स्ट्राइक पिवळाधमक असतो, हे मला कुणीतरी नक्की ऐकवणार. असतो ना. पण तिथं ऊन कागदातून गाळून येतं आणि पाणी-खत थेंब मोजून. ते झाड अहमदपूरच्या अंगणात आणून लावा आणि मग बोलू.

आता मुळाशी जाऊ. आज बाजारात जेवढे गडद पिवळे गुलाब आहेत, त्यांतल्या बहुतेकांची वंशावळ फ्रान्समधल्या लियाँ गावच्या एका माणसाच्या वाफ्यापर्यंत जाते. जोसेफ पेर्ने-दुशे. एकोणिसाव्या शतकात युरोपात पिवळे गुलाब नव्हते असं नाही. चीनकडून आलेल्या टी गुलाबांमुळे फिकट पिवळे होते, १८६४ चा मारेशाल नील तर आपल्याकडच्या बंगल्यांच्या कमानींवरही चढला. पण हळदीसारखा भक्कम पिवळा होता तो एकट्या पश्चिम आशियातल्या फीटिडा गुलाबात. त्याची दुहेरी जात, पर्शियन यलो, १८३७ च्या सुमारास इंग्लंडात पोचली. रंग अप्रतिम, बाकी सगळी बोंब. वर्षातून एकदाच फुलायचं, वास नकोसा, आणि फळ धरायचं नाव नाही. पेर्ने-दुशेनं मग त्याला आई न करता बाप केलं. त्याचे परागकण घेऊन अँत्वान दुशे नावाच्या जांभळट लाल गुलाबावर घातले. १८८० च्या दशकात सुरू झालेलं हे काम हजारो फुलांवर चाललं आणि हाताला लागली जेमतेम मूठभर बी. त्यांतून आलेल्या रोपांच्या वंशातला सोलेय दोर १९०० साली बाजारात आला, तोही नारिंगी झाक असलेला. निर्मळ पिवळा मिळायला आणखी वीस वर्षं गेली. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं, त्यात त्याची दोन्ही मुलं गेली. १९२० च्या त्या पिवळ्या गुलाबाला त्यानं थोरल्या मुलाचं नाव दिलं, सूव्हनीर द क्लोद्यूस पेर्ने. पुढं जगभर गाजलेल्या पीस गुलाबाच्या आजोळात हेच झाड आहे.

पण पर्शियन यलोनं रंगाबरोबर आपलं दुखणंही दिलं. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून महिन्याभरात झाडाच्या काड्या होतात, शेंड्याकडून फांदी वाळत खाली येते, याला फीटिडाचं रक्त मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे. त्या पूर्वजाच्या कोरड्या मुलखात पानं महिनोन्महिने ओली राहत नसत, म्हणून ठिपक्यांशी लढायची त्याला सवयच नव्हती. नंतरच्या पैदासकारांनी ही खोड काढायला शंभर वर्षं घालवली. बरीच काढलीही. मात्र कुठल्या हवेत? जर्मनीच्या, इंग्लंडच्या, कॅलिफोर्नियाच्या. तिथल्या उन्हात जे झाड नापास झालं ते उपटलं, जे पास झालं त्याचे डोळे कलमासाठी भरले गेले. जी रोपं आपल्या उन्हात तगली असती, ती कदाचित तिथल्या पहिल्याच बर्फात मेली. जे वाण आपल्यापर्यंत आले, त्यांना अहमदपूरच्या एप्रिलचा पेपर कुणी घातलाच नव्हता.

आपल्या हवेत वाण घडवणं आपल्याला जमण्यासारखं नाही, असं मानणाऱ्यांसाठी परभणी फार लांब नाही. भेंडीवर हळद्या रोग पडून शेतंच्या शेतं पिवळी व्हायची, पुसा सावनीसारखा नावाजलेला वाणही टिकेना. तेव्हा आपल्या कृषी विद्यापीठात डॉ. नेरकर आणि डॉ. जांभळे यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका दूरच्या जातीशी, मॅनिहॉटशी केला. पहिल्या पिढीतली झाडं खाण्याच्या कामाची नव्हती. मग पुन्हा पुन्हा भेंडीकडे वळवत, निवडत, टाकून देत त्यांनी परभणी क्रांती उभी केली, ती १९८५ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. मार्ग पेर्ने-दुशेचाच. परक्याकडून एक गुण मागायचा, त्याच्याबरोबर आलेले दहा अवगुण वर्षानुवर्षं काढत बसायचं. फरक एवढाच, की हे काढत बसणं परभणीच्या मातीत झालं, म्हणून ती भेंडी आपली झाली.

गुलाबात असा विचार भारतात झालेला आहे. गव्हाच्या तांबेऱ्यावर आयुष्य वेचणारे डॉ. बेंजामिन पियरी पाल यांनी छंद म्हणून गुलाब हातात घेतला आणि आपल्या हवेला मानवतील असे कितीतरी वाण दिले. मला मात्र आज विशेष सांगायचंय ते कोडाईकनालच्या विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याबद्दल. वीरराघवन आयएएस अधिकारी, आंध्रात होते. नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी गुलाबाचा संसार मांडला. उष्ण हवेतला गुलाब उष्ण हवेतल्या रानगुलाबातून यावा, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी भारतातले दोन रानगुलाब धरले. एक मणिपूरच्या डोंगरातला जायगँटिया, झाडावर चढत जाणारा, मोठ्या मलईरंगी फुलांचा. दुसरा क्लिनोफिला, नदीकाठच्या दलदलीतही तग धरणारा. गोल्डन शॉवर्स या पिवळ्या वेलगुलाबाशी जायगँटिया जुळवून त्यांनी जो पिवळा वेल तयार केला, त्याचं नाव गोल्डन थ्रेशोल्ड. सरोजिनी नायडूंच्या हैदराबादच्या घराचं नाव. निजामाच्या राज्यात आपलं अहमदपूर बिदर जिल्ह्यात होतं, हैदराबाद ही आपली राजधानी. तेव्हा या नावावर थोडा हक्क आपलाही सांगायला हरकत नाही.

त्यांच्याच आणखी एका पिवळ्या गुलाबाला ई. के. जानकी अम्मल यांचं नाव आहे. गुलाबाशी त्यांचा काय संबंध, असं वाटेल. इथल्या ऊसवाल्यांनी लक्ष द्यावं. तुम्ही उसाच्या ज्या वाणाला नुसतं शहाऐंशी-शून्य-बत्तीस म्हणता, त्याचं गाव कोइमतूर. त्या कोइमतूरला ऊस आणि रानटी कांसाच्या संकरांवर, त्यांच्या गुणसूत्रांवर काम करणाऱ्या या बाई. गुणसूत्रांची भानगड गुलाबातही तीच आहे. बागेतल्या बहुतेक गुलाबांत २८ गुणसूत्रं, जायगँटियात १४. दोघांचं लेकरू २१ चं, म्हणजे बरेचदा वांझ. रानगुलाब आणला आणि काम झालं, असं नसतं. पर्शियन यलो २८ चाच होता, त्या बाबतीत पेर्ने-दुशेचं नशीब बरं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते तरुण मंडळींनी पाहून घ्यावं. ऑक्टोबरची छाटणी धरली की दीडएक महिन्यात फूल येतं. आई म्हणून निवडलेल्या झाडाची कळी उद्या उघडेल अशी आजच पकडायची. पाकळ्या सोलून काढायच्या, आतले पुंकेसर चिमट्यानं एकेक करून खुडायचे, एकही फुटता कामा नये. मध्ये राहतो तो कुक्ष्यांचा झुपका, त्यावर कागदी पिशवी. बापाचे पुंकेसर बशीत सावलीत वाळवले की रात्रीतून त्यांची पिवळी भुकटी सुटते. दुसऱ्या दिवशी कुक्ष्या बोटाला चिकटायला लागल्या की ती भुकटी बारीक कुंचल्यानं लावायची आणि पिशवी परत. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग बापाचं, पेन्सिलीनं. शाई धुऊन जाते आणि मग घराण्याचा पत्ता लागत नाही. तीन-चार महिन्यांत फळ नारिंगी होतं. त्यातलं बी ओल्या वाळूत घालून दीड-दोन महिने फ्रिजमध्ये. घरच्यांची परवानगी आधी घ्या, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी कुजकट वासाची बरणी कुणाला आवडत नाही. एवढं करून निम्मंही बी उगवत नाही.

हा झाला सोपा भाग. संकर कुणालाही करता येतो, मधमाशी रोज करते. कसोटी आहे ती रोप उगवल्यावर. दोन महिन्यांत पहिलं फूल येतं, आणि माणूस लगेच प्रेमात पडतो. पहिल्या फुलावर पाकळ्यांचा निवाडा करू नये, रंगाचाही करू नये. निवडीच्या वाफ्यावर औषध फवारू नये. पावसाळ्यात ज्याची पानं गळतील त्याची गळू द्यावीत, म्हणजे कोण कोणावर गेलाय ते कळतं. एप्रिलमध्ये सकाळी सात वाजता, दुपारी एकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असं तेच फूल तीनदा पाहावं. मे महिन्यात पाणी आठवड्यावर न्यावं. जगलं तर ठेवावं, नाही तर उपटावं. आपल्याकडे झाड उपटायला हात धजत नाही, विशेषतः स्वतः जन्माला घातलेलं. पण ज्याला उपटता येत नाही, त्यानं रोपवाटिका काढावी, पैदास करू नये. (रोपवाटिकावाल्यांनी हसावं, रागावू नये.)

पाण्याचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, आणि हे गृहस्थ गुलाबाच्या गप्पा मारतायत! माझं म्हणणं उलट आहे. जिथं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथंच कमी पाण्यावरचं झाड निवडून काढता येतं. पाण्याची चंगळ असलेल्या गावात सगळीच रोपं पास होतात, त्या निकालाला काय अर्थ?

एक कडू गोष्टही बोलायला हवी. परदेशी वाणाची चिठ्ठी काढून, देवाचं किंवा पुढाऱ्याचं नाव लावून "नवीन जात" म्हणून विकण्याचा धंदा चालतो. मीही अशी रोपं पैसे मोजून घेतली आहेत. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा २००१ चा कायदा आपल्याला मार्ग देतो, त्याच्या यादीत गुलाब आहे आणि एकट्या शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो. पण तिथं वाण वेगळा आहे, एकसारखा आहे आणि कलम करूनही तसाच राहतो, हे दाखवावं लागतं. नामकरणाचा फोटो चालत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. या सभागृहात अहमदपूर, उदगीर, कंधार, लोहा, चाकूर इथली मंडळी आहेत. काळी जमीन, चुनखडीची जमीन, मुरमाड माळ, सगळं आपल्यात आहे. कुणाही एकाच्या वाफ्यातलं चांगलं रोप निदान पाच ठिकाणी, आपापल्या खुंटावर डोळा भरून, तीन उन्हाळे वाढवावं. नोंद एकाच पद्धतीची ठेवावी. पाचांपैकी तिघांकडे ते एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता पिवळं राहिलं तर पुढं जावं. पुण्याच्या पुष्प संशोधन संचालनालयाकडे किंवा परभणीला मग हातात वही घेऊन जाता येईल, नुसती हौस घेऊन नाही.

यंदाच्या संकरांचं बी मी सोबत आणलंय. पाकिटं दाराजवळच्या टेबलावर आहेत, प्रत्येकावर आईबापांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली आहेत. पाकीट नेणाऱ्यानं वहीत नाव आणि गाव लिहावं. बी आधी थंडाव्यात ठेवायचं आहे, आज रात्री पेरायचं नाही. उगवलेल्या रोपांना तीन उन्हाळे होईपर्यंत नाव देऊ नये, नुसता क्रमांक द्यावा. आणि एखाद्याचं सगळंच्या सगळं मेलं, तर तेही वहीत लिहून पाठवावं. पुढच्या मेळाव्यात आपण आधी तीच पानं वाचू.